चिपवाल्यांची सोयरीक आणि आपला गेमिंग पीसी

मागच्या अंकात पीसीबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं होतं. पत्रं आणि मेसेज भरपूर आले, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की चिप बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींना विकत घेतायत, एकमेकींचे शेअर घेतायत, तर आपल्या गेमिंगच्या पीसीचं काय होणार. म्हणून या वेळी बाकीचे बहुतेक प्रश्न बाजूला ठेवलेत, पुढच्या वेळी नक्की घेतो.

मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर घ्यायचं दिवाळीपासून चाललंय, पण आता तो म्हणतो इंटेल आणि एनव्हिडिया एक झाल्यात, त्यांची भारी चिप येईपर्यंत थांबू. थांबावं का? (एक आई, कोथरूड)

ताई, थांबू नका. पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसरवाली इंटेल आणि ग्राफिक्सवाली एनव्हिडिया एक झालेल्याच नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानं इंटेलचे ५ अब्ज डॉलरचे शेअर घ्यायचं जाहीर केलं, एका शेअरला २३.२८ डॉलर भावानं, म्हणजे हिस्सा पडतो चार-पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकन सरकारनंच इंटेलमध्ये साधारण १० टक्के हिस्सा घेतला होता, तेव्हा एनव्हिडिया काही इंटेलची मालकीण झाली नाही. त्यांचं ठरलंय असं की इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ग्राफिक्सचा तुकडा एकाच पॅकेजमध्ये बसवून पीसीसाठी चिप करायची. घोषणेत तारीख नव्हती, आणि अशा चिपला कागदावरून दुकानात यायला वर्षं लागतात. तोपर्यंत तुमचा मुलगा शेवटच्या वर्षाला गेलेला असेल, त्याला कोडिंग आणि कॅड आत्ता लागणारे.

मुलाची उत्सुकता मात्र चुकीची नाही, त्याला रागावू नका. त्याला एवढंच सांगा की मला या सोयरिकीत त्या भारी चिपपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इंटेल स्वतःची ग्राफिक्स कार्डं पण बनवते, आर्क नावानं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी बी५८० आणलं, २४९ डॉलरला, १२ जीबी मेमरीसकट, आणि त्या किमतीच्या आसपास बाकीचे दोघं, एनव्हिडिया आणि एएमडी, ८ जीबीच देत होते तेव्हा ते किती मोठं काम होतं ते ज्यांनी कमी बजेटमध्ये पीसी जोडलाय त्यांनाच कळेल. इंटेल म्हणते आर्क चालू राहणार. राहो, मनापासून वाटतं राहो. पण स्वतःच्याच पॅकेजमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स बसायला लागलं की आर्कसाठी पैसे मागणाऱ्या माणसाचं तिथे कोण ऐकणार, हा प्रश्न उरतोच. ग्राफिक्सच्या बाजारात तीन दुकानं आहेत, त्यातलं तिसरं आत्ता कुठे उघडलंय, आणि ते बंद पडलं तर तुमच्या मुलाला पुढच्या वेळी कार्ड घेताना त्याची झळ बसेल.

मी १९९७ पासून गेम खेळतो. तेव्हा कार्डांच्या सात-आठ कंपन्या होत्या, सगळ्या कुठे गेल्या? (वय वर्षं साठ, सदाशिव पेठ)

काका, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हा इतिहास माहीत असला की आजचं चित्र लगेच कळतं. एस३, मॅट्रॉक्स, रेन्डिशन, नंबर नाईन, एटीआय, एनव्हिडिया आणि सगळ्यांच्या वर थ्रीडीएफएक्स. नारायण पेठेतल्या एका मित्राकडे थ्रीडीएफएक्सचं पहिलं वूडू कार्ड होतं, तुम्हीही पाहिलं असेल, ते फक्त थ्रीडीचं काम करायचं, साध्या चित्रासाठी दुसरं कार्ड लागायचंच, आणि कॅबिनेटच्या मागे एक वीतभर केबल एका कार्डातून निघून दुसऱ्यात शिरायची आणि तिथून मॉनिटरकडे जायची. गेम सुरू केला की आतून टक् असा आवाज यायचा, चित्र एका कार्डाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा. तो टक् ऐकला की आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढायचो.

या थ्रीडीएफएक्सनं काय केलं, तर १९९८ च्या शेवटी एसटीबी नावाची कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. तोपर्यंत ते नुसती चिप विकायचे आणि कार्डं दुसरे बनवायचे, आता म्हणाले आम्हीच बनवणार. झालं, जे कार्डवाले इतकी वर्षं त्यांची चिप घेत होते ते सगळे दुसरीकडे वळले, आणि ते दुसरीकडे म्हणजे मुख्यतः एनव्हिडियाकडे. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियानं थ्रीडीएफएक्सची मालमत्ता घ्यायचा करार केला. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, की त्यांनी पेटंट घेतली, नावं घेतली, इंजिनिअर घेतले, पण जुन्या कार्डांची जबाबदारी घेतली नाही. ज्यांनी महिन्यापूर्वी नवं कोरं वूडू घेतलं होतं त्यांना ड्रायव्हरसाठी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, हौशी लोकांनी घरी बसून केलेल्या फाइलींवर दिवस काढावे लागले. आणि २००४ मध्ये दोन कार्डं जोडायची सोय एनव्हिडियानं एसएलआय नावानं परत आणली, ती तीन अक्षरं थ्रीडीएफएक्सचीच.

बाकीच्यांपैकी काही विकल्या गेल्या, काही बुडाल्या, मॅट्रॉक्स गेमिंग सोडून दुसऱ्या कामाला लागली. उरल्या दोन, त्यातली एटीआय २००६ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनं घेतली.

एएमडीनं एटीआय घेतली आणि कंपनी बुडता बुडता वाचली असं ऐकलंय. मग असे सौदे गेमरच्या वाईटाचेच असतात का? (आयटीवाला, मगरपट्टा)

नाही, आणि हेच उदाहरण घेऊन सांगतो कारण ते दोन्ही बाजूंनी बोलतं. २००६ मध्ये एएमडीनं ५.४ अब्ज डॉलर मोजले. तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते, कर्ज काढलं, आणि तेवढ्यात इंटेलचे कोअर २ प्रोसेसर आले आणि एएमडीची विक्री घसरली. पुढची काही वर्षं घरातली भांडी विकावी तसं झालं. २००९ मध्ये चिपचे कारखाने वेगळे काढले, त्यातून ग्लोबलफाउंड्रीज झाली. त्याच वर्षी मोबाइलचं ग्राफिक्स क्वालकॉमला अवघ्या ६.५ कोटी डॉलरला दिलं, आणि आज लाखो फोनमध्ये जे अ‍ॅड्रिनो आहे ना, ते हेच. अ‍ॅड्रिनो आणि रेडिऑनची इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी मांडून बघा, तीच अक्षरं उलटसुलट केलेली आहेत.

आता दुसरी बाजू बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकाच घरात असल्यामुळे २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्हींची चिप एएमडीला मिळाली. कन्सोलमध्ये नफा जाडजूड नसतो पण वर्षानुवर्षं दर महिन्याला पैसा येतो, आणि एएमडीला तेव्हा तोच हवा होता. त्या काळात तग धरली म्हणून मार्च २०१७ मध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर आले. त्याआधीची दहा वर्षं आठवा, २००७ च्या क्यू६६०० पासून २०१७ च्या ७७००के पर्यंत इंटेलच्या नेहमीच्या घरगुती प्रोसेसरांतला वरचाही चार कोअरचाच, म्हणजे आत काम करणारे भाग चारच! दहा वर्षं चार कोअर! मग रायझन ७ १७०० आला, आठ कोअर, ३२९ डॉलर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलला सहा कोअर सापडले. ते आधी बनवता येत नव्हते असं नाही, समोर कोणी नव्हतं म्हणून गरज वाटली नाही.

तर माझं मत असं आहे, आणि ते मी दर वेळी असंच तपासतो, की सौदा झाला म्हणून घाबरायचं नाही आणि टाळ्याही वाजवायच्या नाहीत, सौद्यानंतर दुकानं किती उरली ते मोजायचं. थ्रीडीएफएक्स गेली तेव्हा एक दुकान कमी झालं. एएमडी-एटीआय झालं तेव्हा कागदावर एक नाव कमी झालं पण त्या जोरावर प्रोसेसरच्या बाजारात दुसरं दुकान जिवंत राहिलं. अलीकडचा एएमडीनं झायलिंक्स ही चिप कंपनी घेतल्याचा सौदा, २०२२ मध्ये पूर्ण झाला आणि तोवर त्याची किंमत ४९ अब्ज डॉलरच्या घरात गेली होती, त्यातून आपल्याला काय मिळालं तर रायझनच्या लॅपटॉप चिपमध्ये एआयचा वेगळा भाग. आज गेम खेळताना त्याचा उपयोग जवळजवळ नाही, म्हणून त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

बजेट तीस हजार, फक्त कार्डासाठी. दहावीत असताना दादाच्या पीसीत जीटीएक्स १०६० होतं, ते स्वस्त आणि मस्त होतं. आता तसं काहीच का नाही? (कॉलेजचा विद्यार्थी, सिंहगड रोड)

मित्रा, तुझी तक्रार शंभर टक्के खरी आहे. १०६० आलं २०१६ मध्ये, ६ जीबीचं २४९ डॉलरला. नऊ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, आरटीएक्स ५०६० आलं २९९ डॉलरला आणि मेमरी किती, तर ८ जीबी. नऊ वर्षांत २ जीबी वाढली. आता हिशोब कर, डॉलर ९० रुपये धर, २९९ चे झाले २६,९१० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१,७५० च्या पुढे, आणि यात अजून आयात करणाऱ्याचा आणि दुकानदाराचा वाटा धरलेला नाही.

असं का, तर एनव्हिडियाच्याच वहीत बघू. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षात त्यांची गेमिंगची कमाई होती साधारण १२.५ अब्ज डॉलर आणि डेटा सेंटरची, म्हणजे मोठ्या सर्व्हरघरांना विकलेल्या मालाची, १०.६ अब्ज. गेमर म्हणजे मोठं गिऱ्हाईक होतं. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात, गेमिंग ११.३५ अब्ज आणि डेटा सेंटर ११५ अब्ज. आपण तेवढेच राहिलो आणि शेजारचं गिऱ्हाईक अकरा पटीनं मोठं झालं. आणि यात विलीनीकरणाचा हात आहेच बरं का, २०२० मध्ये एनव्हिडियानं ६.९ अब्ज डॉलरला मेलानॉक्स घेतली, हजारो चिप एकमेकींना वेगानं जोडणारं नेटवर्क बनवणारी इस्रायली कंपनी, तेव्हा गेमिंगवाल्यांपैकी कोणी तिकडे बघितलंही नाही. पण आज जी एआयची प्रचंड यंत्रं विकली जातात त्यांचा कणा तिथूनच आला. म्हणजे ज्या सौद्यात गेमिंगचा शब्दही नव्हता त्यानं तुझ्या कार्डाची गोष्ट बदलली.

मेमरीचं तर याहून वाईट. २०१३ मध्ये मायक्रॉननं जपानची एल्पिडा घेतली आणि रॅमचा जवळजवळ सगळा बाजार तीन कंपन्यांच्या हातात गेला, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तेव्हा रॅम स्वस्त होती, कुणाला काही वाटलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं सांगितलं की क्रुशियल या नावानं घरगुती ग्राहकांना विकायचं बंद करणार, कारण माल एआयच्या डेटा सेंटरना हवाय. तिघांतला एक काउंटरवरून उठून आत गेला. रॅमचे भाव का चढले हे विचारणाऱ्या बाकीच्या अकरा पत्रांनाही माझं हेच उत्तर आहे.

तुझ्यासाठी सांगायचं तर ८ जीबीचं कार्ड घेऊ नकोस. बी५८० बघ, १२ जीबी आहे, पण तुझा प्रोसेसर फार जुना असेल तर ते अडखळतं, आणि मदरबोर्डच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू होते की नाही ते आधी तपास, होत नसेल तर आर्क घेऊच नकोस. थोडे पैसे वाढवता आले तर एएमडीचं ९०६० एक्सटी, १६ जीबीवालंच, ८ जीबीचंही त्याच नावानं मिळतं तेव्हा खोक्यावर वाचून घे.

आमचं तपकीर गल्लीत असेंबल करायचं छोटं दुकान आहे. सगळं एकाच चिपमध्ये यायला लागलं तर आमचा धंदा राहील का? (दुकानदार, बुधवार पेठ)

दादा, हा प्रश्न मी दोन दिवस घेऊन फिरलो. तुमच्या गल्लीत माझा पहिला पीसी जोडला गेलाय. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मदरबोर्ड, प्रोसेसर हलकेच सोडून लिव्हर दाबतानाची ती करकर, उष्णता काढणाऱ्या पेस्टचा मटारएवढा थेंब, आणि पहिल्यांदा पंखा फिरला की दुकानातला पोरगा न बोलता मान हलवतो, ते मी विसरलेलो नाही.

धोका खरा आहे. एएमडीची रायझन एआय मॅक्स ही चिप बघा, प्रोसेसर आणि चांगलं दणकट ग्राफिक्स एकत्र, पण रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, नंतर वाढवायची सोय नाही. इंटेल-एनव्हिडियाची चिप बहुतेक त्याच वाटेनं जाईल असं मला वाटतं, निदान लॅपटॉप आणि छोट्या डब्यांमध्ये. तिथे जोडायला काही उरत नाही, गिऱ्हाईक खोकं घेऊन जातं आणि चार वर्षांनी दुसरं खोकं घेतं.

पण हे पूर्वीही एकदा झालंय. २०१८ मध्ये इंटेलनं चक्क एएमडीचं रेडिऑन ग्राफिक्स आपल्या प्रोसेसरशेजारी एकाच पॅकेजमध्ये बसवलं होतं, केबी लेक-जी. कट्टर शत्रू एका ताटात जेवले म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंटेलनं ती चिप बंद करायचं सांगून टाकलं, आणि मग ग्राफिक्स ड्रायव्हर कोणी द्यायचा यावरून घेणाऱ्यांचे हाल झाले. चिपवर नाव इंटेलचं, आतलं ग्राफिक्स एएमडीचं. डेस्कटॉपमध्ये कार्ड जुनं झालं तर तुम्ही ते काढून दुसरं लावता, तिथे काढायला काही नव्हतंच.

तुमच्या दुकानाची ताकद तीच आहे, ती गिऱ्हाइकाला दाखवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा प्रकार) बोर्ड २०१७ मध्ये घेतलेल्या माणसाला, बायोस अपडेट मिळाला असेल तर, २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर त्याच बोर्डावर बसला, आणि असा बदल अर्ध्या तासात करून देणारा माणूस कुठल्याही खोक्यात येत नाही. पाचशे रुपयांत पीसी साफ करून, पेस्ट बदलून, बायोस अपडेट करून देता का? देत असाल तर बाहेर मोठ्या अक्षरात लिहा, कोथरूडच्या लोकांना हे माहीतच नसतं. आणि जुन्या पार्टांचा साठा आत्ता फुंकून टाकू नका, रॅमचे हे असेच भाव राहिले तर डीडीआर४ वाले, म्हणजे मागच्या पिढीच्या रॅमचे, पीसी अजून बरीच वर्षं चालवले जाणारेत.

एवढ्या मोठ्या कंपन्यांना अडवणारं कोणी आहे का? (लॉचा विद्यार्थी, लॉ कॉलेज रोड)

आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियानं ४० अब्ज डॉलरला आर्म ही चिपची डिझाईनं विकणारी ब्रिटिश कंपनी घ्यायचं जाहीर केलं होतं, ब्रिटन आणि युरोपनं चौकशी लावली, डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे तिथल्या व्यापार आयोगानं, दावा ठोकला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सौदा मोडला. आर्मचं डिझाईन तर जवळजवळ सगळेच वापरतात, त्याची किल्ली एकाच स्पर्धकाच्या खिशात जाणं परवडणारं नव्हतं. चीन तर न बोलता अडवतो, क्वालकॉमचा एनएक्सपी घ्यायचा सौदा २०१८ मध्ये आणि इंटेलचा टॉवर घ्यायचा २०२३ मध्ये तिथली मंजुरी वेळेत न आल्यानंच संपले.

आपल्याकडे स्पर्धा आयोग आहे. सप्टेंबर २०२४ पासून नियम असा की सौदा २,००० कोटी रुपयांच्या वरचा असेल आणि ज्या कंपनीला घेतलं जातंय तिचा भारतात पुरेसा मोठा व्यवसाय असेल तर आयोगाला आधी कळवावं लागतं. तुझ्या अभ्यासासाठी यातला अवघड भाग सांगतो. चार-पाच टक्क्यांची भागीदारी, एकत्र चिप करायचा करार, अशा गोष्टी पूर्ण विलीनीकरण नसतात, आणि त्यांचा परिणाम मात्र तसाच होऊ शकतो. इंटेल-एनव्हिडियाच्या शेअरखरेदीला एफटीसीनं डिसेंबर २०२५ मध्ये हिरवा कंदील दिला. त्या हिस्सेदारीनं आर्क हळूहळू मंदावलं तर ते कुठल्या कलमात बसवणार? यावर प्रोजेक्ट कर, मला वाचायला पाठव.

सेकंड हँड कार्ड घेतोय, जीटीएक्स १०८० टीआय. घेऊ का? (निगडी)

कार्ड अजून दमदार आहे, ११ जीबी मेमरी आहे, पण एक गोष्ट बघून ठरवा. एनव्हिडियानं या पिढीचे गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केलेत, ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन महिन्यांतून एकदा फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. जुनेच गेम खेळणार असाल तर बिनधास्त घ्या, पुढच्या वर्षी येणाऱ्या गेमसाठी घेत असाल तर नको. बघायला दिवसा जा, कार्ड उजेडात धरून मागचे स्क्रू बघा, खरचटलेले असतील तर ते उघडलं गेलंय, मग कधी आणि का उघडलं ते विचारा. समोर अर्धा तास एखादा जड गेम चालवायला लावा आणि हात पंख्याजवळ धरून बसा. एक पंखा फिरताना घरघरत असेल तर त्याचे हजार-पंधराशे किमतीतून कापून घ्या.